पाऊस, थंडी आणि ट्राउट: गरवणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न (फोंडा): काका, आम्ही चार दोस्त एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउट गरवायला चाललोय. तिकिटं काढून झाली, होमस्टेला पैसे भरून झाले आणि आता मोबाईलवर बघतो तर चारातले तीन दिवस पाऊस, तोपण गारठा घेऊन. पाऊस आम्हाला नवा नाही, जूनमध्ये भिजत मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, उभे राहून तामसो मासा काढणारी माणसं आम्ही, पण ट्राउट पावसात लागतो काय? की ट्रिप पुढं ढकलू?

उत्तर: अजिबात ढकलू नका. ढकलून जाणार कधी? मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळून नदी फुगते आणि जुलै-ऑगस्टचं तर नावच नको. आपल्याकडं गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, बोटवाले दोस्त मोकळे असतात, म्हणून तेव्हाच जाऊया असं कोणीतरी दरवर्षी काढतंच, पण पहाडात नेमका तोच काळ वाईट, २०२३ च्या जुलैत कुल्लूत बियासनं काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. नंतर सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर चांगला, पण १ नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर हिमाचलात ट्राउट गरवायला बंदी, कारण ब्राऊन ट्राउट थंडीत अंडी घालतो. म्हणजे मार्च-एप्रिल सोडायचा नसतो, आणि त्या दिवसांत वेस्टर्न डिस्टर्बन्सचा, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेचा, पाऊस मधेमधे येणारच, त्याला घाबरलात तर कधीच जाणार नाही.

आता मासा. ट्राउट म्हणजे थंड पाण्याचा जीव, साधारण १० ते १६ अंशांच्या पाण्यात तो खूश असतो. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास, तेच पाणी २८ अंशांवर गेलं की आठच्या आत. त्यामुळं पावसाच्या गारव्यानं आपले दात वाजत असतात तेव्हा त्याचं काही बिघडलेलं नसतं. उलट लख्ख ऊन त्याला नको असतं, कारण तीर्थनचं पाणी तळातला खडा न् खडा दिसेल इतकं नितळ, काठावर तुमची सावली पडली की मासा दगडाखाली गेला. ढग आले आणि वर थेंब पडायला लागले की पाण्याचा पृष्ठभाग मोडतो, त्याला वरचं नीट दिसत नाही आणि तुम्हाला चार पावलं जास्त जवळ जाता येतं. दुसरी गोष्ट किड्यांची. मेफ्लाय नावाचे बारीक किडे पाण्यातून वर येऊन पंख वाळवून उडतात, आणि ढगाळ ओलसर हवेत पंख लवकर वाळत नाहीत म्हणून ते बराच वेळ पाण्यावर वाहत राहतात, ट्राउटला आयतं जेवण. रिपरिप पाऊस, वारा नाही आणि दुपारी बारा ते तीन, अशा वेळी पाण्यावर माशांची नाकं वर यायला लागली की मग जेवायला कोणी जात नाही. हवेच्या दाबाचं पण लोक खूप सांगतात, मी त्या भानगडीत पडत नाही, ढग आणि किडे एवढं मला पुरतं.

पण हे सगळं रिपरिप पावसाचं झालं. धो धो कोसळला तर पाणी गढूळ, आणि गढूळ पाण्यात ट्राउटला तुमचा फ्लाय, म्हणजे हुकावरचा पिसांचा नकली किडा, दिसतच नाही. म्हणून आकाशाकडं बघत बसू नका, पाण्याकडं बघा. नदीवर गेल्या गेल्या काठाचा एक दगड धरून ठेवा, अर्धा पाण्यात अर्धा बाहेर असा, आणि दर पंधरा मिनिटांनी त्याच्याकडं बघा. पाणी जरासं वर चढलं आणि किंचित हिरवट झालं इतपत असेल तर मज्जाच, मासे मधला जोराचा प्रवाह सोडून काठाला आणि मोठ्या दगडांमागं येऊन बसतात, म्हणजे तुमच्या पायापाशीच, लांब टाकायची गरज नाही. पण रंग चहासारखा व्हायला लागला, काटक्या पानं वाहून यायला लागली, दगड बुडाला, की गरी गुंडाळायची आणि वर चढायचं, त्यात चर्चा नाही. सकाळी चालत ओलांडलेली नदी दुपारी ओलांडता येईलच असं नाही, त्यामुळं पाऊस असताना ज्या काठाला रस्ता त्याच काठाला राहा. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात असू शकतो हे आपल्याला पटकन लक्षात येत नाही, आपल्या नद्या भरती-ओहोटीच्या हिशेबानं चालतात, त्यांची नाही चालत.

आणि तीर्थन जिथं बियासला मिळते त्या लारजीच्या खाली, बियासमध्ये, तर पाण्यात पायच घालू नका. तिथं वर धरण आहे, २०१४ च्या जूनमध्ये धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले, काठावर फोटो काढत होती पोरं. वीज चमकायला लागली तरी रॉड खाली ठेवून लांब व्हायचं, कार्बनच्या रॉडमधून करंट छान जातो आणि तुम्ही नऊ फुटांची काठी आभाळाकडं धरून पाण्यात उभे असता.

प्रश्न (म्हापसा): गोव्यातला रेनकोट आणि गमबूट चालतील काय? उगाच चार दिवसांसाठी हजारोंचा खर्च कशाला. आमच्यातला एक तर म्हणतो की जीन्स आणि टीशर्टवर पोंचो घातला की झालं.

उत्तर: तुमच्या त्या दोस्ताला आधी समजवा, कारण पहिला आजारी तोच पडणार आणि सगळ्यांचा दिवस जाणार. आपल्याकडं पावसात भिजलं तर काय होतं, हवा २५-२६ अंश, घरी जाऊन डोकं पुसलं, गरम पेज प्यायली, विषय संपला. तिथं एप्रिलच्या पावसात हवा दहा अंशांच्या खाली जाते आणि नदीत बर्फाचं पाणी असतं. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं खेचतं, आणि सुती कपडा भिजला की तो ते गार पाणी अंगाला धरून ठेवतो. जीन्स तर सगळ्यात वाईट, जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. सुती काहीच नको, आतली बनियनसुद्धा नको. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस किंवा आजीनं विणलेला लोकरी स्वेटर, लोकर भिजली तरी थोडीफार ऊब देते, आणि सगळ्यात वर शिवणी सील केलेलं चांगलं रेन जॅकेट. पैसे खर्च करायचेच असले तर या जॅकेटवर करा. साधा प्लास्टिकचा रेनकोट बाहेरून पाणी अडवतो पण आत घामानं तुम्ही तितकेच भिजता, आणि पोंचोचा घोळ असा की वाऱ्यानं उडून फ्लायची लाईन त्यात अडकते, मग तुम्ही मासा सोडून स्वतःलाच गरवत बसता.

गमबूट नको. त्यात पाणी शिरलं की पाय उचलत नाही आणि गोट्यांवर ते घसरतात. वेडर्स, म्हणजे छातीपर्यंतची वॉटरप्रूफ विजार, मिळाले तर उत्तम, ब्रीदेबल (घामाची वाफ बाहेर सोडणारे) असले तर आत थर्मल हवंच कारण त्यांना स्वतःची ऊब नसते, आणि कमरेचा पट्टा घट्ट बांधायचा, पडलात तर आत पाणी भसकन शिरत नाही. काही होमस्टेवाले भाड्यानं देतात, आधी फोन करून विचारा. नाहीच मिळाले तर पाण्यात न उतरता काठावरून गरवा, तीर्थन काही मांडवी नाही, बऱ्याच ठिकाणी काठावरून पुरते. हातात एक काठी मात्र पाहिजेच, बांबूची चालेल.

आता लक्ष देऊन वाचा. तुमच्यापैकी कोणाला हुडहुडी भरली, गाठ मारताना बोटं चालत नाहीत, बोलणं अडखळतंय, किंवा नेहमी बडबडणारा माणूस गप्प झालाय, तर त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला. 'थांब रे, एक शेवटचा कास्ट, एकदाच टाकतो' असं तो म्हणेल, ऐकू नका. ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, टोपी, रजई, गरम गोड चहा. हातपाय जोरजोरात चोळायचे नाहीत. आणि ऊब न मिळताच हुडहुडी आपोआप थांबली तर ते बरं होण्याचं लक्षण नाही, सरळ दवाखाना गाठा. म्हणून पूर्ण कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत ठेवायचा, प्रत्येकाचा वेगळा. थर्मासमध्ये चहा, खिशात चिक्की आणि खजूर, आणि भूक लागायची वाट न बघता खात राहायचं.

प्रश्न (डिचोली): एप्रिल म्हणजे आपला उर्राकचा सीझन. थंडीत अंग गरम राहायला एक बाटली घेऊन गेलो तर? दोस्तमंडळी ऐकत नाहीत.

उत्तर: उर्राकशी माझं भांडण नाही, नदीवर नको एवढंच. दारूनं गरम वाटतं कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि आतलं गरम रक्त बाहेरच्या बाजूला येतं, म्हणजे वाटतं गरम आणि खरं तर उष्णता बाहेर पडत असते. त्यात पायाखाली शेवाळलेले गोटे. संध्याकाळी कोरडे कपडे घालून, जेवण समोर आल्यावर काय ते करा. उर्राकात घालायला लिमका तिथं पण मिळतं.

प्रश्न (वास्को): मी जेट्टीवर स्पिनिंग रॉडनं गरवतो, सुंगटं (कोळंबी) लावून किंवा ल्यूर (नकली मासा) टाकून. फ्लाय फिशिंगमध्ये वेगळं काय? आणि पावसात कुठले फ्लाय घेऊ?

उत्तर: तुमच्या रॉडवर शिसं किंवा ल्यूर जड असतो, तो फेकला की दोर त्याच्यामागं जातो. इथं उलटं. फ्लाय म्हणजे हुकावर बांधलेली पिसं आणि केस, वजन जवळजवळ शून्य, जड असते ती लाईन, तुम्ही लाईन फेकता आणि फ्लाय तिच्यामागं जातो. म्हणून जेट्टीवरचा तो खांद्यातून मारलेला जोर इथं नडतो. रॉड मागं नेला की क्षणभर थांबायचं, लाईन मागं सरळ होऊ द्यायची, मग पुढं. घाई केली की चटकन आवाज येतो आणि फ्लाय गेला. घरासमोर किंवा मैदानावर हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून आठ-पंधरा दिवस प्रॅक्टिस करा, शेजारी हसतील, हसू दे. तीर्थनच्या काठाला झाडी आहे, मागं लाईन टाकायला जागा नसते, त्यामुळं रोल कास्ट शिकूनच जा, त्यात लाईन मागं न फेकता पाण्यावरूनच गुंडाळी करून पुढं ढकलतात. हा मात्र पाण्यावरच शिकता येतो, गवतावर लाईन धरत नाही, एखाद्या तळ्यावर जा.

साडेआठ-नऊ फुटी, ४ किंवा ५ वेटचा रॉड (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा नंबर), लाईनच्या टोकाला नऊ फुटी लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा दोरा, पुढं ५एक्स जाडीचं टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोरा, एवढ्यात काम होतं. फ्लायचं म्हणाल तर पावसात ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगायचा फ्लाय, फार वेळ तरंगत नाही, कितीही फ्लोटंट (तरंगत ठेवणारं मलम) लावा, दोन-चार कास्टनंतर गचका. त्यामुळं वर नाकं दिसत असतील तेव्हाच १६ नंबरचा पॅराशूट ॲडम्स किंवा एल्क हेअर कॅडिस काढा, फडक्यानं टिपून टिपून वापरा, एरवी पाण्याखालचे निम्फ, म्हणजे किड्यांच्या पिल्लांसारखे फ्लाय, १४-१६ चा फेजंट टेल, वजन घातलेला. पाणी रंगलं असेल तर काळा किंवा ऑलिव्ह वुली बगर नावाचा फ्लाय काठाजवळून हळू ओढा. आणि एक काम होमस्टेवरच करून ठेवा, रात्री हीटरशेजारी बसून चार-पाच लीडर फ्लायसकट बांधून ठेवा. नदीवर बोटं बधिर झाली की १६ नंबरच्या हुकाच्या डोळ्यातून दोरा जात नाही, त्या वेळी तोंडातून काय काय जातं ते इथं छापता येणार नाही.

विमानात फ्लायचा डबा हातातल्या बॅगेत ठेवू नका, हुक सिक्युरिटीला काढून घेतील. सगळं चेक-इनमध्ये, रॉड कडक ट्यूबमध्ये.

प्रश्न (पेडणे): आम्ही सहाजण आहोत, सगळे एकाच जागी टाकायला बघतात आणि भांडणं होतात. ट्राउटच्या नदीवर कसं करायचं?

उत्तर: ट्राउट प्रवाहाकडं तोंड करून उभा असतो, म्हणजे वरून वाहत येणारं खाणं समोर दिसावं म्हणून. तुम्ही खालून वर चालत गेलात की त्याच्या पाठीमागून येता. त्यामुळं सगळी मंडळी एका दिशेनं, खालून वर. सहाजणांच्या तीन जोड्या करा. एका जोडीनं एक डोह घ्यायचा, दुसरीनं पाण्यात न उतरता रस्त्यानं पुढं दोन-तीनशे मीटर जाऊन सुरू करायचं, तिसरी त्याच्या पुढं, आणि आपला तुकडा संपला की पाण्याबाहेर येऊन सगळ्यात पुढं जायचं. जोडीतला एक टाकतो तेव्हा दुसरा मासे बघतो, दगड बघतो, पाऊस बघतो, मग अदलाबदल. असं केलं की भांडण होत नाही आणि पावसात कोणी एकटा पण पडत नाही, मला तर दुसऱ्याला टाकताना बघण्यातच जास्त शिकायला मिळतं. लायसन्स प्रत्येकाचं वेगळं, मत्स्य विभागाकडून, होमस्टेवाल्याला सांगितलं तर तो व्यवस्था करतो. वरच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आत जायचं तर त्याची परवानगी निराळी. सहाजणांत एक लायसन्स काढून 'आम्ही बघायला आलोय' म्हणणारी मंडळी असतात, त्यातले होऊ नका.

प्रश्न (मडगाव): नवरा आणि त्याचे मित्र जाणार, मलाही चल म्हणतायत. मला गरवण्यात रस नाही आणि थंडी सोसत नाही. जाऊ?

उत्तर: ताई, त्यांनी तुम्हाला 'नदीवर ये' म्हटलं असेल तर नको, सहा तास पावसात दुसऱ्याचा गळ बघत उभं राहणं ही शिक्षा आहे. 'दरीत ये' म्हटलं असेल तर जरूर जा, बंजार-गुशैणीच्या बाजूला लाकडी घरं आहेत, फळबागा आहेत, पाऊस थांबला की डोंगरावर ताजा बर्फ दिसतो. फक्त खोलीला हीटर आणि गरम पाणी आहे ना ते स्वतः फोन करून विचारा, नवऱ्यावर सोडू नका.

प्रश्न (सत्तरी): आमच्या कुळागरात, पोफळीच्या बागेत, बारमाही झऱ्याचं तळं आहे, पाणी गार असतं. त्यात ट्राउटची पिल्लं सोडली तर होईल काय? हिमाचलात पण तो बाहेरूनच आणलाय असं ऐकलं.

उत्तर: ऐकलं ते बरोबर. हिमालयात ट्राउट मूळचा नाहीच, स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांतून १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये तो वाढवला आणि १९०९ मध्ये कुल्लूत हॅचरी झाली, त्याचीच ही पुढची पिढी. पण तिथं त्याला हवं तसं पाणी आधीपासून होतं. तुमचं झऱ्याचं पाणी हाताला गार लागत असलं तरी थर्मामीटर घालून बघा, सत्तरीत ते विशीच्या वरच निघेल. विशी ओलांडली की ट्राउट खाणं कमी करतो आणि पंचविशीच्या आसपास जिवावर बेततं. मे महिना काही तो बघणार नाही. शिवाय तळं पावसात भरून ओढ्याला मिळत असेल तर बाहेरचा मासा, ट्राउट असो की आणखी कुठला, सोडूच नये, आपल्या ओढ्यातले चडणीचे मासे आधीच कमी होत चाललेत.

फ्लायचीच हौस असेल तर गोव्यात पावसाळ्यात चोणक आणि तामसो आहेत की. पावसाचं पाणी खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, भरतं आणि ओहोटीला मानशीतून बाहेर पडतं, त्याच्याबरोबर बारकी मासळी आणि सुंगटं बाहेर येतात आणि तोंडाशी मोठे मासे टपून असतात. ८ वेटचा रॉड, क्लाउझर मिनो हा छोट्या माशासारखा फ्लाय, आणि पुढं जाड शॉक टिपेट, चोणकाच्या गालाची कड ब्लेडसारखी असते. मानशीचा लिलाव होतो, ज्यानं घेतलीय त्याला विचारून टाका. हातापायाला थंडी नाही, मच्छर भरपूर.

प्रश्न (काणकोण): पकडून सोडायचा तर पकडायचा कशाला? आई म्हणते नुस्तं (मासळी) घरी आणणार नसशील तर एवढ्या लांब जातोस कशाला. विमानातून आणता येईल काय?

उत्तर: आईचा मुद्दा खोडून काढायची माझी हिंमत नाही. पण थंड पाण्यातला ब्राऊन ट्राउट फार हळू वाढतो, छोट्या नदीत दहाजणांनी दहा मासे रोज काढले तर दोन-चार वर्षांनी तिथं बघायला पण राहणार नाही. सोडायचा तर नीट सोडा, हुकाचा काटा पक्कडीनं आधीच दाबून टाका, मासा पाण्यातच ठेवून हुक काढा, कोरड्या हातानं धरू नका कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पावसात हात ओलेच असतात, तेवढी एक काळजी कमी. फोटोसाठी उचलायचा तर क्षणभर, मित्राचा कॅमेरा तयार असल्यावरच.

खायला मात्र कुल्लूच्या बाजूला रेनबो ट्राउटची शेती होते, पतलीकुहलला सरकारी फार्म आहे, खाजगी पण बरेच. तिथला ताजा घ्या, होमस्टेवाल्याला तळायला द्या. घरी आणायचं सोडा, बर्फातला मासा, रस्त्याचे इतके तास, दिल्लीचं विमान बदलणं, मोपाला उतरेपर्यंत त्याची चव काही राहत नाही. तिथंच खा, आणि आपलं तिरफळ-सोलं घालून हुमण करायला सांगू नका, सौम्य मासा आहे, सगळा मसालाच लागेल. मीठ, हळद, थोडं लिंबू, वर रवा, बस्स.